बाई थापा मारतात, पण मैत्रिणीला झोप लागते

ओळखीत एक बाई आहेत, त्या गेलेल्या माणसांशी बोलतात. म्हणजे तसं सांगतात. डोळे मिटतात, थोडं थांबतात आणि मग म्हणतात की तो इथेच आहे, त्याला आता काही त्रास नाही, तुझ्यावर राग नाही. माझ्या मैत्रिणीचा भाऊ अचानक गेला आणि त्यांचं शेवटचं बोलणं म्हणजे फोनवरचं भांडण होतं, त्यामुळे "राग नाही" ऐकून तिला काय वाटलं असेल ते सांगायला नको. तेव्हापासून ती नीट झोपते. आणि मला हे पक्कं माहितीये की बाई आधी माहिती काढतात, कारण आमच्या कॉमन मैत्रिणीला त्यांनीच फोन करून विचारलं होतं, भाऊ कसा गेला, घरात काय म्हणायचे त्याला, भांडण कशावरून झालं. तिने मला हे गप्पांच्या ओघात सांगितलं, तिला त्यात काही वावगंच वाटलं नव्हतं.

तर आता बाईंचं पितळ उघडं पाडायचं का, हा प्रश्न गेले बरेच दिवस डोक्यात आहे.

सगळे असे लोक जाणूनबुजून फसवतात असं नसतं बरं का. रे हायमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तरुणपणी हात बघायचे आणि लोकांना सगळं इतकं पटायचं की त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. मग एका अनुभवी जादूगाराने सुचवलं की एकदा रेषा सांगतात त्याच्या बरोब्बर उलटं सांगून बघ. त्यांनी तसं केलं तर लोक म्हणाले अगदी खरंय! समोरचा माणूस मान डोलावतो, आपल्या अर्धवट वाक्यात स्वतःचं आयुष्य भरतो आणि सांगणाऱ्यालाच वाटायला लागतं की आपल्याकडे काहीतरी आहे, याला कोल्ड रीडिंग म्हणतात आणि ते नकळतही होतं. पण फोन करून माहिती काढणं नकळत होत नाही ना. तिथे बाईंना संशयाचा फायदा द्यायला मी तयार नाही.

प्रसिद्ध जादूगार हुडिनीचा किस्सा मला इथे आठवतो. १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल याच्या बायकोने हुडिनीच्या वारलेल्या आईचा म्हणून संदेश कागदावर उतरवून दिला, पानंच्या पानं, इंग्रजीत, आणि वर क्रॉस काढलेला. आई रब्बायची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची बायको आणि इंग्रजी तिला जेमतेमच. हुडिनीचा आईवर प्रचंड जीव होता, त्याला मनापासून वाटत होतं की हे खरं असावं. तरी त्या वेळी तो गप्प बसला, कारण डॉइलची बायको मुद्दाम फसवतेय असं त्याला वाटलं नाही आणि डॉइल कुटुंबानेही मुलगा गमावला होता. काही महिन्यांनी मात्र तो उघड बोलला आणि दोघांची मैत्री गेली ती गेलीच. मला यातलं गप्प बसणंही कळतं आणि बोलणंही, म्हणूनच पंचाईत आहे.

शिवाय उघडं पाडून होतं काय? अमेरिकेतल्या फॉक्स बहिणींनी १८४८ मध्ये आत्मे टकटक करून उत्तरं देतात असं दाखवलं आणि त्यातून मेलेल्यांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांची मोठी चळवळ उभी राहिली. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यांच्यातल्याच मॅगीने न्यूयॉर्कला भरल्या थिएटरात सांगितलं की तो आवाज आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढायचो आणि तो तिथल्या तिथे काढूनही दाखवला. चळवळ थांबली नाही. पुढच्या वर्षी मॅगीने कबुलीजबाबच मागे घेतला. स्वतः फसवणाऱ्याने सांगूनही लोक ऐकत नाहीत तर माझं कोण ऐकणार, उलट मैत्रीण माझ्यावरच चिडेल आणि बाईंकडे जाऊन रडेल.

मला विचाराल तर समाधान खोटं नाहीये, फक्त ते बाईंचं नाहीये. डब्ल्यू. डी. रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये लिहिलं होतं की त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कुठल्या ना कुठल्या रूपात जाणवायचं, काहींना आवाज यायचा, काही त्यांच्याशी बोलायचे, आणि बहुतेकांनी हे तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. मधे कुणी माध्यम नाही, काही नाही, बऱ्याच जणांना त्याने बरंच वाटायचं. म्हणजे मैत्रीण भावाशी रात्री स्वतःच बोलली असती, भांडली असती, माफी मागितली असती तर ती वेडी ठरली नसती. बाईंनी तिचंच दार तिला उघडून दिलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. माझा खरा राग त्या किल्लीवर आहे.

कारण मधल्या एका बैठकीत भाऊ म्हणे म्हणाला की घर इतक्यात विकू नकोस.

बघा हं, "राग नाही" हे वाक्य कुणीही म्हटलं तरी त्याने कुणाचं नुकसान होत नाही, ते मीही म्हटलं असतं. पण घराचा सल्ला? तो मेलेल्या माणसाच्या तोंडून आला की त्यावर वाद घालता येत नाही, वकिलाला विचारायचीसुद्धा चोरी. पीटर पॉपॉफ नावाचा उपदेशक लोकांचे आजार देवाने सांगितल्यासारखे ओळखायचा आणि १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने दाखवलं की त्याची बायकोच कानातल्या छोट्या रिसीव्हरवर त्याला नावं आणि आजार सांगायची, लोकांनी आधी भरलेल्या कार्डांवरून. त्याच्या सभेत लोक स्टेजवर औषधं फेकायचे. तिथे तारांबळ न उडवता हळुवारपणे सांगू वगैरे म्हणण्यात अर्थच नाही, माणूस मरायच्या आत ओरडायला हवं. (आणि तोही दिवाळखोरीनंतर टीव्हीवर परतलाच, ते वेगळं.)

म्हणून मी मैत्रिणीकडे न जाता आधी बाईंना भेटले. फोनबद्दल मला माहितीये म्हटलं, आवाज न चढवता. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, "लोक रडत येतात आणि हसत जातात, तुझं काय बिघडतं?" मी म्हटलं हसत जाऊ देत हो, पण घर, पैसा, औषध, लग्न यातलं एक अक्षर यापुढे तिच्या भावाच्या तोंडी घातलंत तर मी फोनची गोष्ट तिला त्याच दिवशी सांगेन. आणि दुःखात नवीन कुणी तुमच्याकडे निघालंय असं कळलं तर त्याला मी आधीच सांगणार, त्यासाठी तुमची परवानगी घेणार नाही. हो, याला धमकी म्हणतात. चालेल.

मैत्रिणीला फोनबद्दल अजून सांगितलेलं नाही. घराचे कागद वकिलाला दाखवूया म्हटलं, तर म्हणाली दादा नको म्हणालाय ना. मी म्हटलं दादा विकू नको म्हणालाय, दाखवू नको म्हणाला नाही. त्यावर हसली आणि फाइल शोधायला लागली. मला माहितीये हे मीही त्याच किल्लीने उघडलं, पण कागद वकिलाकडे गेलेत. तिने उद्या सरळ विचारलं की बाई खऱ्या आहेत का, तर मी नाही म्हणणार, फोनसकट सगळं सांगणार आणि ती रात्र तिच्याकडेच राहणार.