यवतेश्वराच्या घाटात अडलेला दुसरा गिअर

गेल्या महिन्यात साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वराच्या घाटात तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकताच खर्रकन आवाज झाला आणि दांड्याने हाताला झटका दिला. एका गॅरेजमध्ये गाडी नीट न पाहताच गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला मिळाला. मला मात्र दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा, हे आधी ठरवणे आवश्यक वाटले.

सपाट जागी हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत आणि मग क्लच पूर्ण दाबून चालू इंजिनावर तेच करावे. बंद इंजिनावर गिअर सहज पडत असतील, पण चालू इंजिनावर पहिला आणि रिव्हर्स अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पुरते अलग होत नाही, असा संशय धरावा. धावत्या गाडीत एकच गिअर खरखरत असेल, तर त्याची सिंक्रोनायझर रिंग (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणारी कडी) झिजलेली असण्याची शक्यता अधिक. चढणीला इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट घसरते आहे. तो आजार निराळा.

माझ्या गाडीचा रिव्हर्सही खरखरत होता, म्हणून संशय क्लचवर गेला. बॅटरीच्या उजेडात स्लेव्ह सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपीची कड उचलली, तेव्हा आत ओल दिसली आणि बोटाला ब्रेक ऑइल लागले. सिलिंडर बदलून नळीतील हवा काढल्यावर दोन्ही गिअर विनातक्रार पडू लागले. तसेच रेटले असते, तर चांगल्या सिंक्रोनायझर रिंगाही झिजल्या असत्या.