१२०० मिमीची बाल्सा विंग: उजवी बाजू बोर्डावरून उतरली

मॉडेल विमानाच्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पंखाची उजवी बाजू झाली, डावी बाकी. एका बाजूची लांबी ६०० मिमी. रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) किटमधल्या, लेझरने कापलेल्या, प्लॅन कागदी.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला कागदानेच. झेरॉक्समध्ये १ टक्का गेला की ६०० मिमीत ६ मिमी गेले, आणि किटमधलं कापून आलेलं शीटिंग (रिब्जवर चिकटवायचं बाल्साचं पातळ आवरण) रेघांवर बसेना. त्यात आपला बेळगाव-खानापूरचा पाऊस. दमट हवेत कागद फुगतो, तोही लांबी-रुंदीत सारखा नाही. म्हणून प्लॅनवर लिहिलेली मापं दोन्ही दिशांना स्टीलच्या पट्टीने ताडून पाहायची. फरक निघाला तर रिब्जच्या जागा नव्याने आखायच्या. डावी बाजू त्याच कागदाच्या पाठीवर. शेंगतेलाचा बोळा फिरवला की रेघा आरपार दिसतात. वर प्लास्टिक मात्र हवंच, नाहीतर लाकडाला तेल लागून गोंद धरत नाही.

६×६ मिमीच्या स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याच्या) चार काठ्या तोलल्या: हलकी साधारण २ ग्रॅम, कडक साडेतीन. कडक जोडी वर, कारण उडताना वरचा स्पार दाबला जातो आणि बाल्सा दाबाला कच्चा. रिब्जच्या जळक्या कडांवरून पॉलिश पेपर हलकाच; जास्त घासलं तर खाच सैल होते. शिअर वेबचे (वरच्या-खालच्या स्पारला जोडणाऱ्या पातळ पट्टीचे) रेषे उभे. आडवे लावले तर वेब असून नसल्यासारखाच.

डायहेड्रल (पंखाचा टोकाकडे वर जाणारा कल) ५ अंश, म्हणजे टोक ५२ मिमी वर. त्यामुळे मुळाची रिब गुण्याला नाही, ८५ अंशांत कापलेल्या पुठ्ठ्याला टेकवायची. बाकीच्या सगळ्या गुण्यात.

वॉशआऊटसाठी (टोकाची मागची कड किंचित वर ठेवणाऱ्या पिळासाठी) टोकाला ट्रेलिंग एजखाली, म्हणजे मागच्या कडेखाली, ३ मिमीची पट्टी, वरचं शीटिंग लावायच्या आधी. शीटिंग चिकटलं की पीळ कायमचा. इथेच गडबड झाली: बोर्डावरून काढल्यावर उठाव ४ मिमी भरला. शीटिंगला आतून पांढरा गोंद पसरून लावला होता. बाल्सा एका अंगाने पाणी प्यायला आणि वाकला. शिवाय पावसाळी हवेत रात्रभर पुरत नाही, टाचण्या २४ तास ठेवायला हव्या होत्या.

लांबीतले २ मिमी विमान पचवतं. दोन बाजूंच्या पिळात तेवढा फरक राहिला तर ते एकीकडे कलतंच. म्हणून उजवीला हात लावायचा नाही. डावीचं शीटिंग सीएने (झटपट चिकटणाऱ्या गोंदाने), आणि टोकाखाली पट्टी ४ मिमीची.