तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलांच्या ऑफिसात लोकांना मोकळं कसं वाटेल?

मी ऑफिसांचं इंटिरियर करते. वकील मंडळींच्या ऑफिसचं काम आलं की पहिल्याच बैठकीत हा प्रश्न येतो. "आम्हाला ते जुनं, दबदब्याचं ऑफिस नकोय. आजूबाजूच्या लोकांनी सहज आत यावं, काही विचारावं, संध्याकाळी चार माणसं बसून कायद्याची माहिती ऐकतील अशी जागा हवी." आणि मग जरा खालच्या आवाजात, "पण त्याने गांभीर्य जाणार नाही ना? आणि गुप्ततेचं काय?"

माझं उत्तर त्या खालच्या आवाजातल्या प्रश्नापासूनच सुरू होतं. आतल्या खोल्या जितक्या घट्ट बंद होतील, तितकी पुढची जागा सताड उघडी ठेवता येते. त्यामुळे रंग, सोफे आणि झाडं यांच्याआधी मी भिंती आणि दारं कागदावर आखते. समोरचे थोडे हिरमुसतात, कारण त्यांनी मोबाइलमध्ये सोफ्यांचे फोटो साठवून आणलेले असतात.

वकिलाकडे हौसेने कोणी येत नाही. कुणाचा घटस्फोट चाललेला असतो, कुणाला भावाने वाटणीतून वगळलेलं असतं, कुणाच्या हातात नोटीस असते आणि तिच्यातली निम्मी वाक्यं कळलेली नसतात. असा माणूस बाहेर थांबलेला असताना त्याला आतल्या अशिलाचं बोलणं ऐकू आलं, तर तो मनातल्या मनात हिशेब करतो की थोड्या वेळाने माझंही असंच बाहेर ऐकू जाणार. मग आत गेल्यावर तो अर्धीच गोष्ट सांगतो. अर्ध्या गोष्टीवर वकील सल्ला तरी काय देणार?

बहुतेक ऑफिसांत हे बोलणं बाहेर जातं कुठून? वरून. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत नेऊन थांबवलेलं असतं. सीलिंगच्या वर सगळ्या केबिनींची मिळून एकच पोकळी असते आणि आवाज त्या पोकळीतून आरामात शेजारी उतरतो. भिंत थेट स्लॅबला भिडली पाहिजे. दोन्ही बाजूंनी जिप्समचे दोन-दोन थर आणि मध्ये रॉकवूल (आवाज शोषणारा दगडी तंतूंचा थर), एवढं नीट केलं तर भिंतीचं एसटीसी रेटिंग, म्हणजे ती आवाज किती अडवते हे सांगणारा आकडा, ५०च्या आसपास जातं, म्हणजे आत कोणी तावातावाने बोललं तरी बाहेर शब्द कळत नाहीत. पण अशा भिंतीला साधं पोकळ फ्लश डोअर लावलं तर त्या दाराचं रेटिंग असतं २०-२५, आणि सगळी मेहनत त्या दारातून वाहून जाते. दार भरीव हवं, चौकटीला रबरी पट्टी हवी आणि दार बंद झालं की खाली सरकून फट बुजवणारं सील हवं. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, आवाज साधारण २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. दाराखालची फट, पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड, दोन केबिनींमधला एसीचा एकच डक्ट, ही त्या १ टक्क्याची नेहमीची ठिकाणं.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. भिंतीवर लावायच्या कापडी किंवा फोमच्या पॅनेलने खोलीतला घुमारा कमी होतो. आवाज बाहेर जायचा तो जातच राहतो. घुमारा कमी करणंही गरजेचं आहे, कारण घुमणाऱ्या खोलीत माणसं नकळत आवाज चढवतात. पण ते वेगळं काम आहे, आणि एकाचे पैसे देऊन दुसरं मिळत नाही.

काम संपलं की मी एक चाचणी घेते. एकाला केबिनमध्ये बसवून नेहमीच्या आवाजात पेपर वाचायला सांगते आणि स्वतः दाराला सगळ्यात जवळच्या वेटिंगच्या खुर्चीत बसते. एक जरी नाव किंवा आकडा कळला, तरी सुतार परत येतो.

कानांनंतर डोळे. काचेच्या केबिनी मलाही आवडतात, पण रडणारा माणूस शोकेसमध्ये बसवायचा नसतो. जमिनीपासून साधारण ९०० ते १८०० मिलिमीटरपर्यंत फ्रॉस्टेड फिल्म लावली की बसलेल्याचा आणि उभ्याचा, दोघांचाही चेहरा झाकला जातो. वरून उजेड येतो, खालून पाय दिसतात, खोलीत कोणी आहे हे बाहेर कळतं. तेवढं कळलं की पुरे. (काच एकेरी असेल तर आवाजाचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं, हे ओघात सांगून ठेवते.)

मग काउंटरमागचं कपाट पाहा. फायलींच्या पाठीवर ठळक अक्षरांत अमुक विरुद्ध तमुक, आणि समोर दहा माणसं बसलेली. रिसेप्शनवरची मुलगी फोनवर नाव आणि केस मोठ्याने उच्चारून खात्री करून घेते. प्रिंटरच्या ट्रेमध्ये कुणाच्या तरी प्रतिज्ञापत्राचं दुसरं पान विसरलेलं असतं. याला इंटिरियर म्हणायचं की शिस्त, यावर वाद घाला हवं तर. मी फायलींचं कपाट आतल्या बाजूला नेते, फोनला आडोसा देते आणि प्रिंटर दाराआड ठेवते. जागा परवानगी देत असेल तर आतल्या खोल्यांना बाहेर पडायला दुसरी वाटही काढते. डोळे पुसत निघालेल्या बाईला सगळ्या वेटिंगसमोरून जायला लावू नये, आणि एकाच वादातल्या दोन बाजू तडजोडीसाठी आल्या तर त्यांची गाठ जिन्यात पडू नये.

एवढं झालं की पुढच्या जागेत हात मोकळे होतात. खुर्च्यांच्या मांडणीबद्दल मला एक जुनं निरीक्षण फार उपयोगी पडलं आहे. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या एका मनोरुग्णालयात काम करताना रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की टेबलाच्या कोपऱ्याला धरून काटकोनात बसलेली माणसं समोरासमोर बसलेल्यांपेक्षा जास्त बोलतात. त्याचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला. वकिलाचं ते भलंमोठं टेबल, पलीकडे उंच पाठीची खुर्ची आणि अलीकडे बुटकी, या मांडणीत अशील आपोआप साक्षीदार होतो. मी केबिनमध्ये १२०० मिलिमीटरचं गोल टेबल सुचवते. दोघांना एकच कागद एकाच बाजूने वाचता येतो, आणि कलम कुठलं हे बोटाने दाखवता येतं. वकिलाच्या पाठीमागे खिडकी नको. उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो, आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला माणूस मनातलं सांगत नाही. अशिलाच्या खुर्चीतून दार दिसत असावं. घाबरलेल्या माणसाला त्याचा फार आधार वाटतो.

वेटिंगमध्ये मात्र हाच नियम उलटा. तिथे सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून खुर्च्यांचा गोल मांडणारे डिझायनर मी पाहिले आहेत. नोटीस हातात घेऊन आलेल्या माणसाला शेजाऱ्याशी गप्पा नको असतात. काही खुर्च्या जोडीने, काही एकट्या, दोन-तीन खिडकीकडे तोंड करून. प्रत्येक खुर्चीशेजारी टेकवायला जागा, कारण इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण कागदांची पिशवी घेऊन येतो आणि ती मांडीवर घट्ट धरून बसतो. पिशवी खाली ठेवली की खांदेही थोडे उतरतात. मुलांसाठी एक कोपरा, पण रिसेप्शनच्या नजरेत.

दाराला उंबरा नको, पायरी नको. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि आत व्हीलचेअर वळवायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ. काउंटरचा एक भाग ७५० ते ८०० मिलिमीटर उंचीवर आणायचा. हा भाग पुढे सगळेच वापरतात, कारण त्याच्यासमोर बसून फॉर्म भरता येतो. उजेड लिहिण्याच्या टेबलावर ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), बाकी ठिकाणी त्याहून सौम्य.

आता ती सगळ्यांसाठीची खोली, संध्याकाळी बसून कायद्याची माहिती ऐकायची. ती पुढच्या दाराला लागूनच असावी. पाण्याची सोय आणि स्वच्छतागृह तिथूनच गाठता यावं, आणि ऑफिसच्या आतल्या भागाकडे जाणाऱ्या दाराला कुलूप असावं. नाहीतर माहितीवर्ग संध्याकाळी सातला संपेपर्यंत कोणा ना कोणाला फायली राखत बसावं लागतं, आणि तीन महिन्यांत वर्ग बंद पडतो. एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या, चाकांचं टेबल, पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय. सजावटीवर फार खर्च करू नका. 'न्याय', 'समता' असले शब्द भिंतभर रंगवण्यापेक्षा तिथे नेहमीचे अर्ज आणि ते कसे भरायचे याचे नमुने टांगले तर लोक पुन्हा येतात.

गांभीर्याचं म्हणाल, तर ते जड दारातून आणि स्वच्छ टेबलातून येतं. एखादं जुनं लाकडी टेबल ठेवायचंच असेल तर खुशाल ठेवा, पण ते या खोलीत ठेवा आणि लोकांना त्यावर कोपरं टेकू द्या.

आणि बाहेर, रस्त्यावरून वाचता येईल अशी एक पाटी. आत येऊन विचारायला पैसे पडतात का, पहिल्या भेटीत काय होतं, कोणते कागद आणायचे, सगळ्यांसाठीची खोली कधी उघडी असते. कितीतरी लोक फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसल्याने दारावरून परत जातात. या पाटीचा मजकूर मी वकिलांनाच लिहायला सांगते. पहिला मसुदा बहुधा पाऊण पानाचा येतो, अटी-शर्तींसकट.