बर्कशायरमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिले : माझा अनुभव

युकेमध्ये राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मराठी लोकांना अजून माहीतच नसतं की आपल्याला इथे मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असला आणि इथे राहायचा व्हिसा असला, मग तो स्टुडंट असो की वर्क, तरी कौन्सिलपासून (म्हणजे इथली नगरपालिका) पार्लमेंटपर्यंत सगळीकडे मत देता येतं, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. आयएलआर (म्हणजे इथे कायम राहायची परवानगी) मिळालं की कौन्सिलला उमेदवार म्हणून उभंपण राहता येतं. फ्रेंच किंवा जर्मन माणूस इथे वीस वर्षं राहिला तरी त्याला पार्लमेंटला मत देता येत नाही आणि परवा मास्टर्सला आलेल्या पुण्याच्या पोराला देता येतं. हे मी मंडळाच्या गणपतीत सांगते तेव्हा लोक माझ्याकडे बघतच राहतात.

मी मे 2023 मध्ये लिबरल डेमोक्रॅट्सकडून आमच्या वॉर्डात उभी राहिले होते. त्याआधी काही वर्षं पक्षाचं काम करत होते म्हणजे मुख्यतः पत्रकं वाटत होते. सुरुवात शाळेसमोरच्या क्रॉसिंगपासून झाली. तिथे झेब्रा क्रॉसिंग हवं म्हणून आम्ही काही आया मागे लागलो होतो आणि आमच्या भागातली एक काउन्सिलर, रिटायर्ड शिक्षिका, पावसात आमच्याबरोबर उभी राहून गाड्या मोजत होती. क्रॉसिंग झालं. मग तिने मला विचारलं की आमच्या गल्लीत पत्रकं टाकशील का, आणि मी हो म्हटलं.

पत्रक टाकणं हे वाटतं तितकं सोपं काम नाहीये हां. इथल्या दारांना टपालासाठी जी फट असते तिला आतून ब्रश लावलेला असतो, कागद मऊ असला की आत जातच नाही, दुमडतो. काहींच्या दारात ती फट पार खाली जमिनीजवळ, म्हणजे प्रत्येक दाराशी वाकायचं. आणि आत कुत्रा असेल तर बोटं गेलीच म्हणून समजा, म्हणून आमच्याकडे सगळे जुने कार्यकर्ते एक लाकडी उलथनं घेऊन फिरतात, पत्रक त्यावर गुंडाळायचं आणि उलथन्याने आत ढकलायचं. मला माझं उलथनं त्या शिक्षिकाबाईंनीच दिलं, त्याच्या टोकावर दातांचे व्रण होते.

पक्षाचा इंटरव्ह्यू झाला, मग उमेदवारीचे कागद. इंग्लंडमध्ये कौन्सिलला उभं राहायला डिपॉझिट नसतं (पार्लमेंटला 500 पौंड, आणि 5 टक्के मतं नाही मिळाली तर ते जप्त). आधी वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागायच्या, आता सूचक आणि अनुमोदक अशा दोनच लागतात. घरचा पत्ता जाहीर करायचा नसेल तर तशी सोय आहे आणि मी ती घेतली, घरात मुलं आहेत म्हणून. त्याच कौन्सिलमध्ये नोकरी असेल तर मात्र उभं राहता येत नाही, हे आपल्यातल्या कौन्सिलच्या शाळांत शिकवणाऱ्यांनी आधीच बघून ठेवावं. बाकी सगळं साधं आहे, फक्त फॉर्मवर सूचक-अनुमोदकांची नावं मतदारयादीप्रमाणे असायला हवीत आणि पक्षाचं सर्टिफिकेट वेळेत पोचायला हवं. मुदत 4 एप्रिलला दुपारी चारची होती आणि चार म्हणजे चार.

पण त्या फॉर्मवर एक रकाना असतो, नेहमी वापरात असलेलं नाव मतपत्रिकेवर हवं असेल तर ते लिहायला. पक्षातल्या एकाने, अगदी चांगल्या मनाने, मला सुचवलं की तुझं नाव लोकांना म्हणायला अवघड जातं, ऑफिसात तुला जे छोटं नाव घेऊन हाक मारतात ते टाक ना. मी दोन रात्री विचार केला. नवरा म्हणाला तुला काय वाटतं ते कर. माझं नाव माझ्या आजीने ठेवलंय, मी ते पूर्ण टाकलं, आडनावासकट. आणि माझं आडनाव व्ही वरून सुरू होतं, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

मग दारोदार फिरणं सुरू झालं. घड्याळं मार्चअखेरीस एक तास पुढे गेली की संध्याकाळी उजेड राहतो, तेव्हा ऑफिसनंतर फिरायचं, अंधार पडला की थांबायचं. हातात मतदारयादी, एक जण ती धरून कोणत्या घरी जायचं ते सांगतो आणि बाकीचे दारं वाजवतात. भाषण द्यायचं नसतं. नाव सांगायचं, काही अडचण आहे का विचारायचं, आणि शेवटी मत कुणाला देणार ते सरळ विचारायचं. हे सरळ विचारणं मला सुरुवातीला फार जड गेलं, आपल्याकडे असं तोंडावर कुणी विचारत नाही. इथला माणूस तुम्हाला तोंडावर नाही म्हणत नाही, तो म्हणतो बघतो, विचार करतो, तुम्हाला शुभेच्छा. शुभेच्छा दिल्या की ते मत आपलं नाही हे कळायला मला थोडे दिवस लागले.

लोक बोलायचे ते कचऱ्याच्या गाडीबद्दल, खड्ड्यांबद्दल, बंद झालेल्या बसबद्दल. शेजारच्या स्लाऊ कौन्सिलने 2021 मध्ये जाहीर केलं होतं की आमच्याकडे पैसे उरले नाहीत, आणि 2023 ला तिथला कौन्सिल टॅक्स 9.99 टक्के वाढला, त्यामुळे आमच्याकडेपण लोक घाबरले होते. एका घरी एक आजोबा दारातच पंधरा मिनिटं बोलले, बायकोला अंथरुणातून उठवायला जी केअरची बाई येते ती सकाळी अकराला येते, तोवर ती तशीच पडून असते. कौन्सिलचा मोठा खर्च याच्यावर होतो, म्हातारे आणि अडचणीतली मुलं, आणि बाकी सगळ्यांना वाटतं आपला टॅक्स फक्त कचऱ्यासाठी जातो. मी त्यांचं सगळं लिहून घेतलं आणि आमच्या काउन्सिलरने पाठपुरावा केला, नंतर वेळ नऊची झाली. ते आजोबा कंझर्व्हेटिव्हला मत देतात हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, तरी केलं, करायलाच पाहिजे होतं.

आणि कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे ऋषी सुनक. ते ऑक्टोबर 2022 मध्ये पीएम झाले होते, त्यामुळे आपल्या लोकांच्या दारात मला एकच प्रश्न, अगं आपला माणूस तिथे बसलाय आणि तू त्याच्याविरुद्ध? आमच्या मंडळातले एक काका तर चक्क रागावले. मी त्यांना सांगितलं, काका, मलाही त्या दिवशी छान वाटलं होतं, पण मत आडनावाला द्यायचं की कामाला हे ठरवायला नको का. मग त्यांना दादाभाई नौरोजींची गोष्ट सांगितली. आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले प्रोफेसर, 1892 मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून लिबरल पक्षाकडून निवडून आले, अवघ्या 5 मतांनी. त्याआधी 1888 मध्ये खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी जाहीर सभेत म्हणाले होते की ब्रिटिश मतदार काळ्या माणसाला निवडून देतील असं वाटत नाही. फिन्सबरीच्या मतदारांनी दिलं. ते दादाभाईंना आपला माणूस म्हणून मत देत नव्हते, ते काय बोलतात हे ऐकून देत होते. काकांनी शेवटी कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही.

त्या वर्षी मतदानाला पहिल्यांदाच फोटो आयडी सक्तीचा झाला होता. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, आपल्याकडे मतदार ओळखपत्र असतंच, पण इथे ओळखपत्र नावाची गोष्टच सगळ्यांकडे नसते, पासपोर्ट नाही, लायसन्स नाही अशी कितीतरी म्हातारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी फुकट सर्टिफिकेट होतं पण अर्जाची मुदत 25 एप्रिल. शेवटचे दोन आठवडे आम्ही मत मागण्याऐवजी आयडी आहे का हेच जास्त विचारत होतो. ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचं रेलकार्ड चालत नाही, हा नियम मला आजही पटत नाही. 4 मेला मी सकाळी सातपासून केंद्राबाहेर पक्षाचा बिल्ला लावून बसले होते (टेलर म्हणतात, येणाऱ्याला मतदारयादीतला नंबर विचारायचा, म्हणजे आपल्या कोणकोणत्या मतदारांनी अजून मत दिलं नाही ते संध्याकाळी कळतं, सांगायचं की नाही ही त्यांची मर्जी). एक कॉलेजचा मुलगा आत जाऊन दोन मिनिटांत परत आला, कॉलेजचं कार्ड चालत नाही म्हणून. घरी जाऊन येतो म्हणाला. मी रात्री दहापर्यंत त्या केंद्राकडे ये-जा करत होते, तो मला काही दिसला नाही. निवडणूक आयोगाने नंतर सांगितलं की त्या दिवशी इंग्लंडमध्ये साधारण 14,000 लोक आयडी नाही म्हणून मत न देता गेले.

पण टेलरच्या त्या खुर्चीवर बसायला मला खरंच आवडलं. शेजारच्या खुर्चीवर कंझर्व्हेटिव्हचे एक गृहस्थ होते, त्यांच्या बायकोने केलेला केक आम्ही दोघांनी खाल्ला, मी टॉयलेटला गेले तेव्हा त्यांनी माझे नंबरपण लिहून ठेवले. सांगलीला लहानपणी मी जीपवरचे भोंगे आणि गुलाल बघितलाय, इथे भोंगा नाही, ईव्हीएमपण नाही. कागद, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल.

मोजणी दुसऱ्या दिवशी लेझर सेंटरच्या (म्हणजे क्रीडा संकुलाच्या) बॅडमिंटन हॉलमध्ये. आमच्या वॉर्डात तीन जागा, म्हणजे प्रत्येक मतदाराला तीन मतं. ज्यांनी एकाच पक्षाच्या तिघांना दिली त्या पत्रिकांचे गठ्ठे पटकन मोजून होतात. ज्यांनी सरमिसळ केली त्या मतपत्रिका एका मोठ्या शीटवर एकावर एक सरकवून लावतात, म्हणजे फक्त फुल्यांची बाजू दिसते, आणि मग ओळीने आडवं मोजत जातात. आम्ही टेबलाच्या या बाजूला उभे, हात लावायचा नाही, फक्त बघायचं. आणि तिथे मला ते दिसलं. आमच्या पक्षाच्या पहिल्या दोघांसमोर फुली, आणि माझ्यासमोर कोरं. परत दोघांसमोर फुली, माझ्यासमोर कोरं. तिसरं मत एकतर दुसऱ्या पक्षाच्या कुणाला किंवा कुणालाच नाही. सगळ्यांनी असं केलं असं अजिबात नाही, बहुतेकांनी तिघांनाही दिलं होतं, पण एका शीटवर अशा दहाबारा दिसल्या की पोटात खड्डा पडतो.

दुसऱ्या पक्षाचे दोघे निवडून आले असते तर गोष्ट वेगळी, पण आमचे दोघे आले, तिसरी जागा दुसऱ्या पक्षाला गेली, आणि मी चौथी, शंभराच्या आतल्या फरकाने. हे नावामुळे झालं का? मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अक्षराप्रमाणे असतात, ए आणि बी वाल्यांना थोडा फायदा होतो हे इथल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे, आणि माझं व्ही, जवळजवळ तळाला. माझे दोन्ही सहकारी आधीपासून लोकांना माहीत होते, तेही एक कारण. आणि काही जणांनी नाव वाचून सोडून दिलं असणार, हेही मी मान्य करते, डोळे मिटून घेण्यात अर्थ नाही. पण त्याच शीटवर अशाही काही पत्रिका होत्या ज्यावर कंझर्व्हेटिव्हच्या दोघांना फुली आणि तिसरी फुली मला. एकीवर नजर गेली की दुसरीवरपण जायला पाहिजे. त्या आजोबांची त्यात होती का, हे कळायला काही मार्ग नाही.

संध्याकाळी बातम्या येत होत्या, कंझर्व्हेटिव्हनी देशभर हजाराच्या वर काउन्सिलर गमावले, शेजारचं विंडसर अँड मेडनहेड आमच्या पक्षाकडे आलं. हॉलमध्ये सगळे मिठ्या मारत होते, मीपण मारत होते. घरी येऊन रडले. शनिवारी किंग चार्ल्सचा राज्याभिषेक, गल्लीत पार्टी, मी बटाटेवडे घेऊन गेले तर तीन घरचे लोक येऊन म्हणाले आम्ही तुला दिलं होतं. 35 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा असतो, तो दिला.

मग 2024 ची जनरल इलेक्शन आली. आमच्या पक्षाला 2019 मध्ये 11.6 टक्के मतं होती आणि 11 जागा, 2024 मध्ये 12.2 टक्के आणि 72 जागा. रिफॉर्म युके या पक्षाला 14.3 टक्के मतं आणि 5 जागा. लेबरला 33.7 टक्क्यांवर 411. मला रिफॉर्मचं राजकारण अजिबात पटत नाही, त्यांचं स्थलांतराबद्दलचं बोलणं ऐकून अंगावर काटा येतो, पण ही बेरीज मला न्यायाची वाटत नाही, आमचा फायदा झाला तरी नाही. 2011 मध्ये मतदानाची पद्धत थोडी बदलायची की नाही यावर सार्वमत झालं तेव्हा 68 टक्के लोक नको म्हणाले. माझ्या मते ज्या देशात मतांची टक्केवारी आणि जागा यांचा एकमेकांशी इतका कमी संबंध आहे तिथे लोक दारात येऊन सगळे सारखेच म्हणतात यात नवल नाही. दार वाजवणाऱ्याला ते रोज ऐकावं लागतं.

आमच्याकडची पुढची कौन्सिलची निवडणूक मे 2027 मध्ये आहे. मी पक्षाला कळवलंय की मी परत उभी राहणार, त्याच वॉर्डात, त्याच पूर्ण नावाने. तुमच्यापैकी कुणी बर्कशायरमध्ये असाल आणि नाव नोंदवलं नसेल तर ऑनलाइन पाच मिनिटांत होतं, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा, आणि मतदानाच्या 12 कामाच्या दिवसांआधी करा. मत कुणालाही द्या. आणि पत्रकं वाटायला यायचं असेल तर नक्की सांगा, उलथनं मी देते.