मार्लिन ३३६ आणि स्क्रूड्रायव्हर न लावू देणारं दुकान

वापरलेली रायफल विकायला ठेवली तर गिऱ्हाईक नळी आतून बघणारच. टेक्ससमधल्या त्या दुकानात मात्र पाटी होती: काउंटरवर काहीही उघडायचं नाही, घोडा रिकामा पाडायचा नाही, विकलेला माल परत नाही. समोर .३०-३० काडतुसाची मार्लिन ३३६, म्हणजे नेमकी एका स्क्रूने उघडणारी रायफल! लिव्हर (चापाभोवतीची खाली-वर होणारी दांडी) अर्धी खाली करून तिचा स्क्रू काढला की लिव्हर हातात येते, नळीमागचा बोल्ट मागे ओढून निघतो आणि चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूने, नळी आरपार दिसते. (रिकामं पितळ बाहेर फेकणारा इजेक्टर सुटा होऊन पडतो, तो आधीच पकडायचा.) विंचेस्टर ९४ या दुसऱ्या लिव्हर-रायफलीला ही सोय नाही. ती बहुधा तोंडाकडूनच साफ होते, म्हणून तिच्या नळीच्या तोंडाची कड गजाने झिजलेली नाही ना, हे आधी बघावं.

उघडू देत नसतील तर उपाय असा. मॅगझिन आणि चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. लिव्हर पूर्ण खाली करून बाजूच्या खिडकीत पांढऱ्या कागदाचा कपटा तिरका धरा, त्यावर टॉर्च मारा आणि तोंडाकडून बघा. मग नळी साफ करायची दोरी मागा. ती खिडकीतून चेंबरात सोडून तोंडाकडून ओढता येते, एकही स्क्रू हलत नाही. त्यासाठीही मला मॅनेजरपर्यंत जावं लागलं. पण ओढण्याआधी दिसणारा काळपटपणा आणि ओढल्यानंतरचा यातच सगळं कळतं: धूळ आणि काजळी निघून जाते, गंजाने पडलेले खड्डे तिथेच राहतात. चेंबरमधले खड्डे वाईट, कारण झाडलेलं पितळ तिथे चिकटून बसतं. तोंडाच्या शेवटच्या इंचातले खड्डे नेम बिघडवतात.

इथे आणखी एक घोळ होतो. १९५० च्या दशकापासून मार्लिनने मायक्रो-ग्रूव्ह नळी दिली. तिच्यात गोळीला फिरकी देणाऱ्या बारा उथळ खाचा असतात. नेहमीच्या सहा खोल खाचा बघायची सवय असलेल्याला ती झिजलेलीच वाटते. काउंटरवरचा मुलगाही ‘जरा वापरलेली आहे’ म्हणत होता. ती नवी असतानाही तशीच दिसते. खाचांच्या कडा तोंडापर्यंत सलग दिसल्या की पुरे.

बाकी तपासणी पटकन होते. घोडा चढवून मागून अंगठ्याने पुढे दाबा. चाप न ओढता सुटला तर रायफल ठेवून द्या. अर्ध्या चढावावर तो पक्का अडकला पाहिजे. लाकडाला टँगच्या (दस्त्यात शिरणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) मागे बारीक चीर आहे का, स्क्रूंच्या खाचा फाटल्यात का, तेही बघा. परवानगी असेल तर स्वतःची नकली काडतुसं भरून लिव्हर चालवा. लिव्हरचं टोक घासून कॅरिअरला (काडतूस वर उचलणाऱ्या भागाला) खाच पडली असेल तर दुसरं काडतूस मागून घुसतं आणि लिव्हर अर्ध्यात अडते.

साल काढायला सोपं: १९७३ ते १९९९ च्या मालात क्रमांकाचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा करा. २४ असेल तर १९७६. आडवं सेफ्टी बटण १९८४ च्या सुमारास आलं. त्याआधीच्या रायफलींना मागणी जास्त. नळीवर रिसीव्हरजवळ (बोल्ट बसतो त्या मधल्या भागाजवळ) ‘जेएम’ ठसा असेल तर तो कनेटिकटच्या कारखान्यातला माल, त्यालाही भाव चढतो.

कागदांचं एवढंच: दुकानात बंदूक घेताना भरायच्या सरकारी फॉर्म ४४७३ वर मधलं नाव पूर्ण लिहा. वडिलांचं नाव ओळखपत्रावर आद्याक्षराने आणि ग्रीन कार्डावर पूर्ण असेल तर दुकानदाराला आधीच दाखवा. पत्ता राहता हवा, पोस्टाची पेटी चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ए-नंबर (कार्डावरचा परदेशी नागरिक नोंदणी क्रमांक) लागतो. एच-वन-बी वर असाल तर एरवी बंदी आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकार-लायसन्स असेल तर सवलत मिळते.

आणि गोळ्या घेताना टोकदार घेऊ नका. नळीच्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या टोपीला) टेकतं. सपाट टोकाच्या घ्या, नाहीतर याच रायफलींसाठी बनवलेल्या मऊ पॉलिमर टोकाच्या.