आमची वाटचाल : ठेंगण्या घोड्यांना वळण लावताना

आमच्या तबेल्यात आज शिकायला येणारे बहुतेक घोडे माझ्या कमरेच्या वर जात नाहीत. फार्महाऊसवर मुलांसाठी घेतलेले, रिसॉर्टच्या हिरवळीवर फोटोला उभे केले जाणारे, शाळेच्या कार्यक्रमात मिरवले जाणारे मिनी घोडे आणि लहान चणीची तट्टं. मालकांची तक्रार साधारण एकच असते : "ताई, दिसायला गोड आहे हो, पण चावतं."

2008 साली वाईजवळ, सासऱ्यांच्या शेतात पत्र्याच्या दोन शेड टाकून आम्ही सुरुवात केली. माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते. खरारा (घोड्याचं अंग घासणं), चंदी (त्याचा दाण्याचा खुराक) आणि पहाटेच्या टापा यांतच मी वाढले. बाबा म्हणायचे, "घोड्याला आधी उभं राहायला शिकव. पळायला तो पोटातूनच शिकून येतो." मिस्टरांना शेतीमुळे जनावराची पारख, धाकटा भाऊ नालबंद. भांडवल म्हणावं तर एवढंच, आणि बँकेचं छोटंसं कर्ज.

तेव्हा काम वरातीच्या घोड्यांचं असायचं. लग्नसराईच्या आधी मालक घोडी आणून सोडायचे. कानाशी ताशा, आजूबाजूला डोक्यावर दिवे घेतलेली माणसं, पायाशी फटाक्यांची माळ आणि पाठीवर जन्मात कधी घोड्यावर न बसलेला नवरदेव. एवढं सगळं होत असताना घोडीने जागेवर शांत उभं राहायचं. आम्ही तेच शिकवायचो, आणि त्यातूनच आमचं नाव झालं.

पहिली मिनी घोडी आली 2013 मध्ये, पुण्याच्या एका कुटुंबाकडून. चिंगी तिचं नाव, रंग कुमैत, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ. मुलांनी तिला तळहातावर बिस्किटं भरवून वाढवलेली. ती आधी खिशाला तोंड लावायची, काही मिळालं नाही तर दात लावायची, आणि आपण हात काढून घेतला की फिरून दुगाण्या झाडायची. मालकीणबाई कौतुकाने सांगत होत्या, "लहान होती ना, तेव्हा पुढचे पाय माझ्या खांद्यावर ठेवायची!" मिनीचं शिंगरू जन्मतः आठ-दहा किलोचं असतं. त्याने खांद्यावर पाय ठेवले तर कुणालाही गोडच वाटणार. पुढे तेच शंभर किलोच्या आसपास जातं. काल ज्याचं कौतुक झालं त्यासाठीच आज चाबूक का पडतो, हे त्या मुक्या जिवाला कसं कळावं?

चिंगीला मी आधी एकच गोष्ट शिकवली, मागे सरकणं. दोरी सैल, मी तिच्या खांद्याशी. ती खिशाकडे तोंड आणते. म्होरकीच्या नाकपट्टीवर मी दोन बोटं टेकवते आणि तिच्या छातीच्या दिशेने दाब देते, पिकलं लिंबू दाबून बघावं तेवढाच. ती उलट ढकलते. मी दाब वाढवत नाही, सोडतही नाही. थोड्या वेळाने तिचं वजन मागच्या पायांवर कलतं. पाऊल अजून उचललेलंही नसतं, पण तेवढ्यातच बोटं उघडायची. दाब सुटला की घोड्याला उत्तर सापडतं. बोटं उघडायला उशीर झाला, तर तो ढकलायचंच शिकतो. असं काही वेळा झालं की मान खाली येते, कान सैल पडतात, ती ओठ चाटते, रिकामंच चघळते. तिथे थांबायचं. एका बैठकीत पंधरा मिनिटांच्या वर आम्ही जात नाही. मिनीचं लक्ष त्यापुढे टिकत नाही आणि शिकवणाऱ्याचा संयमही.

मग मागचा भाग बाजूला सरकवणं, खांद्याला खांदा लावून चालणं, दोरी जमिनीवर टाकली तरी उभं राहणं, पायाला हात लावू देणं. सैल दोरीवर चालणं मी माथेरानच्या घोडेवाल्यांकडे बघून शिकले. तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणसांची आणि सामानाची ने-आण पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर. गर्दीत, तांबड्या मातीच्या उतारावर, माकडांच्या दंग्यात त्यांचा घोडा मालकाच्या पावलावर पाऊल ठेवतो आणि मालकाच्या हातातली दोरी कधी ताणलेली दिसत नाही. पुस्तकातून हे मला उमगलं नसतं.

"वर बसायचंच नाही, तर शिकवायचं कशाला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांपर्यंतच भार वाहावा, तोही खोगिरासकट, असं आम्ही मानतो. शंभर किलोच्या मिनीवर म्हणजे वीस किलो. पाच-सहा वर्षांच्या पुढचं मूल त्यात बसत नाही. मोठ्या घोड्याला जमिनीवरचं शिक्षण ही पहिली पायरी, नंतर त्याचं आयुष्य खोगिराखाली जातं. मिनीला जमिनीवरच राहायचं आहे. हे घोडे पंचवीस-तीस वर्षं जगतात, आणि तेवढी सगळी वर्षं त्यांचा माणसाशी संबंध दोरी, हात आणि आवाज एवढ्यातूनच येणार. हे शिक्षण त्याला मिळालं नाही, तर दुसरं कुठलंच मिळत नाही. मोठा घोडा उधळला तर माणसं घाबरून काहीतरी करतात. लहान घोडा उधळला तर हसतात, व्हिडिओ काढतात. मग एक दिवस तो एखाद्या मुलाला चावतो आणि त्याचा सौदा होतो. नव्या मालकाकडेही तेच. तिसऱ्या-चौथ्या हातातून आमच्याकडे आलेली जनावरं मी पाहिली आहेत. हात उचलला की डोळे मिटून घेतात.

अमेरिकेत 2011 पासून अपंग व्यक्तीला मदत करणाऱ्या मिनी घोड्यांना शक्य तिथे दुकानांत, कचेऱ्यांत येऊ द्यावं, अशी नियमांत वेगळी तरतूद आहे. चारचौघांत, गुळगुळीत फरशीवर, लिफ्टमध्ये हा घोडा निमूट उभा राहू शकतो. म्हणून कुणी "मिनी असतातच हट्टी" म्हणालं की मला राग येतो.

खरेदीआधी आम्हाला विचारलंत तर फार बरं. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन 1978 मध्ये स्थापन झाली. त्यांची उंचीची मर्यादा 34 इंच, आणि ती आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजतात. आपल्याकडे 'मिनी' म्हणून विकली जाणारी कित्येक जनावरं म्हणजे लहान तट्टं असतात, नाहीतर वाढ व्हायची बाकी असलेली शिंगरं. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे आम्ही ओळखीच्या ग्राहकांबरोबर जातो, दात बघून वय ठरवतो. आणि मी आणखी एक बघते : अनोळखी माणूस जवळ गेला तर जनावर काय करतं.

भावाचं काम या सगळ्यात फार मोलाचं. मिनीला बहुधा नाल लागत नाही, पण सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात. मोठ्या घोड्याची सवय असलेला नालबंद मिनीचा पाय आपल्या गुडघ्यापर्यंत उचलतो आणि बाहेर ओढतो. त्या आखूड पायाच्या सांध्याला ते दुखतं, म्हणून घोडा पाय हिसकतो, म्हणून मार खातो. भाऊ चक्क जमिनीवर मांडी घालून बसतो आणि खूर वीतभरच वर उचलतो. निम्मे "लाथाडणारे" घोडे त्याच्यापुढे गरीब होतात.

बाकी निम्मी दुखणी गव्हाणीतली. प्रेमापोटी भिजवलेले हरभरे, गूळ, पोळ्या. मिनीला एवढी चंदी पचत नाही. अंगावर चरबी चढते, मस्ती वाढते, आणि लॅमिनायटिस झाला की खुराच्या आतला भाग सुजून पाऊल टाकणं मुश्कील होतं. घोडा आला की आम्ही आधी चंदी बंद करून साध्या सुक्या गवतावर आणतो. पुष्कळदा स्वभाव तिथूनच निवळायला लागतो.

2020 च्या टाळेबंदीत लग्नं थांबली, पर्यटन थांबलं. वरातीचं काम गेलं ते पूर्वीसारखं परत आलंच नाही. त्याच काळात शहरातली माणसं फार्महाऊसवर जाऊन राहिली, त्यांनी हौसेने लहान घोडे घेतले आणि वर्षभरात आमच्याकडे पाठवायला लागले. तेव्हा आम्ही ठरवलं की यापुढे मुख्य काम हेच. मिस्टरांनी भातखाचराचा एक तुकडा सपाट करून लहान रिंगण केलं. मिनीच्या डोक्याला वासराची म्होरकी नीट बसत नाही, म्हणून त्यांच्या मापाच्या म्होरक्या साताऱ्यातून शिवून घेतल्या.

काही कामं आम्ही घेत नाही. मिनीला मागच्या पायांवर उभं करणं, नाचवणं शिकवत नाही. खांद्यावर पाय ठेवणारं शिंगरू आणि मागच्या पायांवर नाचणारा घोडा यांत मला फरक दिसत नाही. एकटाच घोडा ठेवणाऱ्याला आधी सोबत आणायला सांगतो. दुसरा घोडा नसेल तर निदान शेळी तरी. घोडा कळपातला प्राणी. एकटा पडला की तो माणसालाच कळपातला समजतो आणि कळपातल्यासारखंच चावून-ढकलून बोलतो. या अटीमुळे काही ग्राहक गेले. गेले तर गेले.

मुलांना आम्ही सगळ्यात आधी हात कुठे लावायचा ते दाखवतो. घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. लहान घोडा म्हटला की प्रत्येक जण वरून वाकून कपाळावरच थोपटतो. तो हात त्याला अचानक कुठूनतरी आल्यासारखा वाटतो. म्हणून आधी खांदा, मग मान, आणि चेहरा त्याने स्वतःहून पुढे केला तरच.

पावसाळ्यात आम्ही नवं जनावर घेत नाही. चिखलात खूर मऊ पडतात आणि रिंगण निसरडं होतं. नोंदणी दसऱ्यापासून सुरू होते. येताना ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा आणि धनुर्वाताच्या लसीचा कागद आणावा. आणि शिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात मालकाने नुसतं बघायला येऊ नये. तुमच्याकडे रोज सकाळी त्या घोड्याला गवत टाकणारे जे कोणी काका, मावशी किंवा पोरगा असेल, त्यांना आमच्याकडे राहायला पाठवा. त्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे आम्ही घेत नाही.