तुम्ही विचारलंत म्हणून: तीन दिवस कशाला लागतात?

हा प्रश्न बहुतेक वेळा चहाबरोबर येतो. प्राचार्य विचारतात, संस्थेचे सचिव विचारतात, परवा तर आमच्या शेजारच्या काकूंनीही विचारलं. "मोबाईलवर बटण दाबलं की फोटो निघतो, त्याची पीडीएफ होते. मग कॉलेजच्या ऑफिसात ते स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर बसवायला तुला तीन दिवस कशाला लागतात गं?" कोल्हापूर-सांगलीकडच्या कॉलेजांत मी हे काम करते. बसवूनही देते आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचे फोनही घेते. विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी कॉलेजच्या ऑफिसातल्या कपाटात काय आहे ते बघा. कॉलेजचं जनरल रजिस्टर म्हणजे हातभर रुंद, चामडी पाठीचं, दोन माणसांनी उचलावं असं बाड. एका ओळीत एक विद्यार्थी: रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखला कधी नेला, आणि शेवटी शेरा. त्या एका ओळीसाठी माणसं कुठून कुठून येतात. जात पडताळणीला आजोबा-पणजोबांचा जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा असला की त्याला मोठं वजन येतं. साठ सालच्या सुमाराला ज्यांच्या घरातला एखादा माणूस कॉलेजपर्यंत पोचला, त्यांचा हा पुरावा त्या बाडात पडून असतो. नातवाची ॲडमिशन अडकलेली, वडील खिडकीशी उभे, आणि आत भाऊसाहेब, म्हणजे ऑफिसातले क्लार्क, एकेक पान उलटताहेत, हे मी कितीदा पाहिलंय. पान उलटताना कडेचा तुकडा पडतो. तो तुकडा भाऊसाहेब हळूच उचलून पानात परत ठेवतात.

त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढता येतो, नाही कोण म्हणतंय? पण फोटो ज्याच्या मोबाईलमध्ये तोच त्याचा धनी. तो बदली होऊन गेला की फोटोही गेले. आणि असले तरी हजारो फोटोंमधून 1965 ची ती एक ओळ शोधायची कशी? सॉफ्टवेअर बसवायचं ते त्या शोधण्यासाठी. फोटो निघणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

पहिला दिवस मशिनांतच जातो. ऑफिसात पाच-सहा कॉम्प्युटर असतात आणि सहसा दोन सारखे नसतात. एक कुठल्याशा अनुदानातून आलेला, एक लॅबमधून निघून इकडे आलेला, एक अजून विंडोज 7 वर, ज्याचा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपला. ॲडमिनचा पासवर्ड ज्याने घातला तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. त्याला फोन लावायचा, तो आठवून आठवून तीन पासवर्ड सांगणार, त्यातला एक लागला तर लागला.

मग स्कॅनर. स्कॅनर आणि सॉफ्टवेअर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची ट्वेन नावाची एक ठरलेली पद्धत आहे, 1992 पासूनची. स्कॅनर चालवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो जुन्या 32 बिटच्या घडणीचा आणि सॉफ्टवेअर नव्या 64 बिटच्या घडणीचं असलं, की दोन्ही ठणठणीत असूनही यादीत स्कॅनरचं नावच येत नाही. वायर ठीक, दिवा हिरवा, आणि सॉफ्टवेअर म्हणतं स्कॅनर जोडलेला नाही. पहिल्या वर्षी अशा एका जागी माझी सबंध दुपार गेली होती. कंपनीकडे 64 बिटचा ड्रायव्हर असला तर बरं, नाहीतर सॉफ्टवेअर काढायचं आणि त्याचं 32 बिटचं रूप घालायचं.

आणखी एक गोष्ट मी आता कधीच चुकवत नाही. सगळं बसवताना मी ॲडमिनच्या लॉगिनमध्ये असते, तिथं सगळं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब त्यांच्या लॉगिनने येतात आणि पान सेव्हच होत नाही, कारण त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी त्यांना दिलेलीच नसते. म्हणून पहिलं पान मी स्वतः स्कॅन करत नाही. जो रोज बसणार आहे त्याच्या खुर्चीवर, त्याच्या लॉगिनमध्ये, त्याच्याच हातून करून घेते.

दुसऱ्या दिवशी पानं कशी घ्यायची ते ठरतं, आणि इथं माझे वाद होतात. ए-फोर पान 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, घेतलं की 2480 बाय 3508 ठिपके होतात. रंगीत घेतलं तर फाईल दाबून लहान न करता साधारण 26 एमबी, निव्वळ काळं-पांढरं घेतलं तर एक एमबीच्या आसपास, आणि ते दाबलं की काही केबींत मावतं. हा फरक ऐकला की सगळे म्हणतात, काळं-पांढरंच घ्या. टाईप केलेल्या परिपत्रकाला मीही तेच सांगते. पण जुन्या प्रवेश अर्जाचं काय? त्यावर जांभळा शिक्का असतो, पुसट झालेली निळी शाई असते, पेन्सिलीने केलेली खूण असते. काळं-पांढरं करताना मशीन प्रत्येक ठिपक्याला एकच विचारतं, तू काळा की पांढरा? पुसट जांभळा बिचारा पांढऱ्यात जातो. शिक्का गेला, पान मात्र स्वच्छ दिसतं, म्हणून गेलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. जुनी कागदपत्रं मी रंगीतच घ्यायला लावते. जागा लागते ती लागू दे, डिस्क आणता येते.

याहून मोठी धास्ती मला एका वेगळ्या गोष्टीची आहे. 2013 साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळलं की झेरॉक्स कंपनीची काही मशिनं स्कॅन करताना आकडेच बदलताहेत. घराच्या नकाशातल्या तीन खोल्यांची वेगवेगळी क्षेत्रफळं स्कॅनमध्ये एकच झाली होती. कारण होतं जेबीआयजी2 नावाची, फाईल दाबून लहान करण्याची पद्धत. त्यात पानावरचे सारखे दिसणारे ठसे एकदाच साठवतात आणि बाकीच्या ठिकाणी तोच ठसा लावतात. बारीक छापलेला 6 आणि 8 मशीनला सारखाच वाटला, की 6 च्या जागी चक्क 8 बसतो, आणि तोही स्पष्ट, ठसठशीत. पुसट आकडा दिसला तर माणूस मूळ कागद काढून बघतो, स्पष्ट आकड्यावर कोण संशय घेणार? कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. पण मी निकालाच्या लेजरचा विचार करते. 36 चे 38 झाले तर? त्यामुळे माझ्याकडच्या प्रत्येक सेटिंगमध्ये ती पद्धत बंद असते, आणि पहिल्या शंभर पानांतली दहा पानं मी मूळ कागद शेजारी ठेवून आकड्याला आकडा लावून बघते. उशीर होतो तो इथंही होतो.

आता नावांबद्दल सांगते, कारण खरा वेळ तिथंच जातो. छापील मराठी आता कॉम्प्युटर बऱ्यापैकी वाचतो. टेसरॅक्टसारखं फुकट मिळणारं साधनसुद्धा मराठी वाचतं. पण टाक बुडवून लिहिलेलं जनरल रजिस्टर त्याला भरवशाने वाचता येत नाही. तिथं माणसाने वाचून रकाने भरायचे. कुठले रकाने, हे ठरवायला मी भाऊसाहेबांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसते आणि विचारते, खिडकीवर माणूस आला की तो तुम्हाला काय सांगतो? रजिस्टर नंबर कुणीच सांगत नाही. नाव सांगतात, गाव सांगतात, "अमक्या सरांच्या वेळी होतो" असं सांगतात. बाई आल्या तर सासरचं नाव सांगतात आणि रजिस्टरात माहेरचं असतं. काही कॉलेजांत तर विद्यापीठाचाही रकाना लागतो, कारण शिवाजी विद्यापीठ झालं 1962 मध्ये आणि त्याआधीच्या कागदांवर पुणे विद्यापीठ असतं. हे सगळं भाऊसाहेबांच्या डोक्यात तीस वर्षं बसलेलं आहे. ते निवृत्त व्हायच्या आत ते रकान्यांत उतरायला हवं, ही माझी कळकळ आहे. एकदा ते घरी गेले की सॉफ्टवेअर कितीही भारी असो, त्याला विचारायचं काय हेच कुणाला कळणार नाही.

त्यात आपल्या लिपीचा एक बारकावा आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या ठरलेल्या पद्धतीत, दोन रीतींनी टाईप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त लावून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे. मशीनला मात्र ते दोन वेगळे शब्द. सकाळी एका क्लार्कने इनस्क्रिप्ट नावाच्या कीबोर्डने भरलं, दुपारी दुसऱ्याने वेगळ्या कीबोर्डने शोधलं, उत्तर आलं "नोंद नाही". नोंद समोर असताना एखाद्याला नोंद नाही म्हणून परत पाठवायचं! हे मला एका कॉलेजात बसवून झाल्यावर चार महिन्यांनी कळलं. तोवर किती जण परत गेले असतील याचा विचार अजूनही पाठ सोडत नाही. तेव्हापासून सॉफ्टवेअर भरतानाच दोन्ही रूपं एकात आणेल अशी सोय मी करून घेते, आणि नावाबरोबर जन्मवर्षाने शोधायची वाट ठेवतेच ठेवते.

मग फोन सुरू होतात. "मॅडम, प्रत्येक पानावर उभी काळी रेघ येतेय." काचेच्या अरुंद पट्टीवर धुळीचा कण किंवा गोंदाचा ठिपका असतो, मऊ फडक्याने पुसला की रेघ गेली. "दोन पानं एकदम ओढतंय." रबरी रोलर गुळगुळीत झालाय, बदलायला हवा. "पान फाटलं." टाचणी काढायची राहिली. पानं सुटी करून, टाचण्या काढून, कडा सरळ करून गठ्ठा लावून देणं हे काम शिपाई मामा करतात. मामांनी गठ्ठा नीट लावला तर दिवस सुरळीत जातो, म्हणून मी शिकवायला बसते तेव्हा मामांनाही खुर्ची देऊन बसवते.

एक प्रश्न हमखास येतो: स्कॅन झालं, आता कागद रद्दीत घालायचे ना? नाही हो. संगणकावरची नोंद पुरावा म्हणून कोर्टात चालते, पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे तिच्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. जनरल रजिस्टर तर जपायचंच. स्कॅनचा फायदा हा की आता ते बाड रोज उघडावं लागत नाही, कडेचे तुकडे पडायचे थांबतात. आणि स्कॅनची एक प्रत दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी मी काही करत नाही, नुसती मागे बसते. मागच्या महिन्यात एका कॉलेजात चाचणीला प्रवेश अर्जांचा एक जुना गठ्ठा घेतला होता. मामा म्हणाले, "हे तर माझं वर्ष. मी अकरावीला इथंच होतो." भाऊसाहेबांनी मामांचं नाव टाकलं. नोंद नाही. मी हात लावला नाही. भाऊसाहेबांनी थोडा विचार केला, नाव पुसलं, जन्मवर्ष आणि गाव टाकलं, आणि यादीत तिसऱ्या ओळीवर मामा सापडले. अर्जावर नाव आजोळच्या आडनावाने होतं. लहानपणी ते आजोळी वाढले आणि शाळेत तेच आडनाव लागलं होतं, ते मामांनाच आठवलं. भाऊसाहेबांनी अर्ज उघडला. खाली पालकाच्या सहीच्या जागी फिकट जांभळा अंगठा होता, शेजारी भरणाऱ्याच्या अक्षरात 'निशाणी डावा अंगठा'. मामांच्या वडिलांचा. ते जाऊन बरीच वर्षं झालीत.

मामा पडद्याजवळ आले, चष्मा वर करून बघत राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, हा रंगीत निघेल का कागदावर?"

ऑफिसातला प्रिंटर काळा-पांढरा होता. फाईल पेनड्राईव्हवर घेतली आणि आम्ही दोघं गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो.